वस्तादांना विचारा : पोटावर पडून राहू नकोस

प्रश्न : आदरणीय वस्ताद, रामराम. मी पाटण तालुक्यातला. वय २०, वजन ६१ किलो. सातव्या वर्षापासून गावच्या तालमीत मातीत खेळतो. यंदाच्या जत्रांच्या हंगामात १४ कुस्त्या केल्या, त्यातल्या ११ चीतपट मारल्या. ऑलिंपिकला खेळायचंच असं मी ठरवलंय आणि तसं सगळ्यांना सांगितलंही. पण गेल्या महिन्यात निवड चाचणीत मॅटवर पहिल्याच कुस्तीत १०-० ने हरलो. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. वस्ताद, खाली पडल्यावर मी घट्ट होतो. त्याला मला एकदाही चीत करता आलं नाही, तरी पंचांनी कुस्ती सोडवली. आता गावात पारावर बसलेले मला ‘ऑलिंपिक’ म्हणून हाक मारतात. चुलते म्हणतात, मातीतल्या गड्याला मॅटवर पदक अशक्य, उगाच दिवस घालवू नकोस. गावात मॅट नाही, सगळ्यात जवळची ४० किलोमीटरवर आहे. घरची दीड एकर जिरायत. माझं वय निघून गेलंय का? एकच विनंती, खाशाबा जाधवांचं उदाहरण देऊन धीर देऊ नका. ते सगळ्यांनी सांगून झालंय आणि तो काळ वेगळा होता.

उत्तर : रामराम, पोरा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सकाळी तालमीतल्या मातीचा हौद उकरून झाल्यावर एकदा आणि रात्री पुन्हा. ‘खाली पडल्यावर मी घट्ट होतो’ या ओळीपाशी मी दोन्ही वेळा थांबलो, कारण तू का हरलास ते तू स्वतःच लिहून पाठवलं आहेस.

मातीत आपण काय शिकतो? पाठ लागली की संपलं, पाठ लागली नाही तोवर काहीच बिघडलेलं नाही. समोरच्यानं पट काढला, म्हणजे पाय धरून खाली ओढलं, आपण पोटावर पडलो, कोपर अंगाशी घेतले, हनुवटी छातीला लावली, मातीत रुतून बसलो. तो वर बसून घिस्से मारतोय, मानेवर घासतोय, घाम गाळतोय. बसू दे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो दमला की उठायचं. मातीत याला शहाणपण म्हणतात, आणि मातीपुरतं ते खरंही आहे. माझ्या वस्तादांनी मला तेच शिकवलं. मीही बारा-पंधरा वर्षं पोरांना तेच शिकवत होतो.

मॅटवर हेच शहाणपण तुला बुडवतं. तिथं तुला खाली आणल्याचे त्याला २ गुण मिळतात. मग तू पोटावर घट्ट पडतोस, तेव्हा तो तुला चीत करायच्या भानगडीतच पडत नाही. कमरेला हातांची कडी घालतो, भारंदाज लावतो आणि तुला लाकडाच्या ओंडक्यासारखा एक वेढा फिरवतो. फिरताना तुझी पाठ क्षणभर मॅटकडे झाली की आणखी २. किंवा तो तुझे दोन्ही घोटे एकात एक अडकवून धरतो, ज्याला उत्तरेकडची पोरं फितले म्हणतात, आणि सलग फिरवत राहतो. एक वेढा २, दुसरा ४, तिसरा ६, चौथा ८. पटाचे २ धरून झाले १०. दहा गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती तिथंच सोडवतात. तुझी पाठ टेकली नाही हे अगदी खरं. तुला वाटलं आपण टिकून आहोत, आणि तेवढ्या वेळात त्याच्या गुणांची पाटी भरली.

तेव्हा पहिलं काम हे. खाली पडलास तर पडून राहायचं नाही. छाती टेकायच्या आत गुडघा पोटाखाली घ्यायचा, एक हात त्याच्या कडीवर, कंबर वर, आणि उठायचं. उठता आलं नाही तर मॅटच्या कडेकडे सरकायचं. हे रोज ५० वेळा. जोडीदाराला पाठीवर बसव, शिट्टी वाजली की तीन मोजायच्या आत उभा राहा. तेरा वर्षांची सवय मोडायची आहे, ती आठवड्यात मोडणार नाही. माझ्याकडच्या एका पोराला त्यासाठी सात महिने लागले, आणि तो तुझ्यापेक्षा लहान होता.

दुसरं तुझ्या टाचेबद्दल. तुला मी पाहिलेलं नाही, पण मातीतल्या पोराचे पाय मला ठाऊक आहेत. मातीत पाय दोन बोटं रुततो, म्हणून आपण टाच रोवून, ताठ उभं राहून, समोरच्याच्या मानेवर हात टाकून खेळतो. गर्दनखेच करत दम जोखायचा, घाई करायची नाही. मॅट कापडागत सपाट आणि चिकट. तिथं टाच टेकली की पाय उशिरा उचलतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा तुझ्या मांडीला मिठी मारून मोकळा झालेला असतो. तिथं कुस्ती सहा मिनिटांची, तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये तीस सेकंद. दम जोखत बसायला वेळ कुठला? चवड्यावर उभं राहायला शीक. याला मॅट लागत नाही. घरासमोरच्या अंगणात, खळ्यावर, शाळेच्या व्हरांड्यात अनवाणी कर. कंबर खाली, पाठ सरळ, टाचेखालून कागद सरकला पाहिजे. माझ्या तालमीत पोरांच्या टाचेखाली मी खरंच वर्तमानपत्राचा कागद ठेवतो. फाटला की दहा सपाट्या.

तिसरं, तुझं वजन. ६१ किलोचा गट जागतिक स्पर्धेत आहे, ऑलिंपिकमध्ये नाही. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलमध्ये पुरुषांचे सहाच गट : ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. तू बरोबर मधल्या खिंडीत सापडला आहेस. तुझी उंची पत्रात नाही, ती कळव. हाडापेरानं बारीक असशील तर ५७, अंग भरायला वाव असेल तर दोन वर्षांत ६५. पण निवड चाचणीच्या आदल्या रात्री उपाशी राहून, ब्लँकेट गुंडाळून धावून वजन पाडायचं असं मुळीच करू नकोस. तुमच्याकडं ते पराक्रमासारखं सांगतात. पॅरिसला अमन सेहरावतनं एका रात्रीत साडेचार किलो उतरवून ५७ किलोत कांस्य जिंकलं हे खरं, पण त्याच्या उशाशी रात्रभर जाणती माणसं बसली होती. तुझ्या उशाशी कोण आहे?

आता खाशाबा. तू सांगू नका म्हणालास, तरी मी सांगणार. तुला धीर द्यायला नाही. तुला ती गोष्ट अर्धीच सांगितली गेली आहे म्हणून. गोळेश्वरचा शेतकऱ्याचा पोरगा, मातीतला मल्ल, हेलसिंकीला गेला आणि २३ जुलै १९५२ ला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक घेऊन आला. एवढंच भाषणात येतं. आणि त्यांचा गट कुठला होता माहीत आहे? ५७ किलो.

राहिलेली अर्धी ऐक. खाशाबा १९४८ ला लंडनला गेले तेव्हा २२ वर्षांचे होते, तुझ्याहून दोन वर्षांनी मोठे. मॅट आणि ते नियम त्यांना नवे होते. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कुस्तीगिरानं त्यांना थोडे दिवस शिकवलं. ते सहावे आले. मातीतला गडी, मॅटवर जगात सहावा. परत आल्यावर त्यांनी पुढची चार वर्षं त्या सहाव्या नंबरच्या चुका दुरुस्त करण्यात घातली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान काखेत आवळायची, कंबर आत घालायची आणि फिरवून खाली मारायचं. तो त्यांनी सोडला नाही. मातीतला डाव मॅटवर चालतो, मातीतला आळस चालत नाही. तुझ्या ११ चीतपट कुस्त्यांमधला तुझा डाव कोणता? तोही कळव. तो ठेवायचा आहे.

आणि हे सगळं त्यांनी एकट्यानं केलं नाही. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ च्या निवडीवेळी आपल्यावर अन्याय झाला असं त्यांना वाटलं, तेव्हा ते घरी हिरमुसून बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी घ्यायला लावली आणि प्रतिस्पर्ध्याला मारून जागा मिळवली. मग पैशाचा प्रश्न आला. गावात, कऱ्हाडात वर्गणी झाली, ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. १९५२ चे ७ हजार. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको, जर्मनी असे मल्ल त्यांनी मारले. जपानच्या इशीईबरोबर पंधरा मिनिटांची कुस्ती झाली, ती हरले. नियमानं दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती हवी. त्यांना लगेच सोव्हिएत रशियाच्या मल्लासमोर उभं केलं आणि नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. दमलेल्या अंगानं ते हरले. इशीईला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य, खाशाबांना कांस्य. घर गहाण टाकणारा माणूस कोल्हापुरात होता. ‘थांबा, याला अर्धा तास द्या’ एवढं म्हणणारा एक माणूस हेलसिंकीत असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून चाळीस वर्षांत गेलेला नाही. म्हणून माझ्या पोरांबरोबर जिल्ह्याच्या स्पर्धेलासुद्धा मी स्वतः जातो. नियमांची पुस्तिका पिशवीत असते.

माझे वडील खाशाबांच्या स्वागताला कऱ्हाडला बैलगाडी घेऊन गेले होते. शंभरावर गाड्या होत्या. एरवी पंधरा मिनिटांत चालून होणाऱ्या वाटेला सात तास लागले. आमचा एक बैल गर्दीला बुजरा होता, त्याच्या डोळ्यांवर टॉवेल धरून वडील सगळा वेळ पायी चालले. रात्री उशिरा घरी आले तेव्हा टॉवेल गुलालानं माखलेला. आईनं तो धुवायला घेतला तर धुऊ दिला नाही. गुलाल झडून गेला, कापड विरलं, पण मी तालमीत जायला लागलो तेव्हा तोच टॉवेल वडिलांनी माझ्या खांद्यावर टाकला. मी ऑलिंपिकला गेलो नाही. राज्याच्या निवडीपर्यंत दोनदा पोचलो आणि दोन्ही वेळा मॅटवर हरलो, तुझ्यासारखाच, पोटावर घट्ट पडून. त्या वेळी मला कुणी सांगितलं नाही की मी का हरलो. सांगितलं एवढंच, की मातीतल्या गड्याला ते अशक्य असतं. मी ते मानलं आणि घरी आलो.

तू मानू नकोस. पण तुझे चुलते सगळंच खोटं बोलतात असंही मी म्हणणार नाही. खाशाबांनंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं टेनिसमधलं कांस्य. कुस्तीत पुन्हा पदक यायला २००८ यावं लागलं. आणि आपल्या महाराष्ट्राच्या मातीतल्या माणसाला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं ते १ ऑगस्ट २०२४ ला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला, तेही नेमबाजीत. ७२ वर्षांनी. कुस्तीत आपण अजून वाटच बघतोय. हा आकडा डोळ्यांसमोर ठेव. तो लपवून तुला शाबासकी देणं मला जमणार नाही.

‘अशक्य’ म्हणून गावातले जे बोलतात त्याची मला जरा फोड करून दे. एका कागदावर लिही. मॅट नाही. बूट नाहीत (आहेत का? कळव). मॅटवरचा शिक्षक नाही. जायला-यायला पैसे नाहीत. पोटावर पडायची खोड. वजनाचा गट चुकीचा. आणखी असेल तेही लिही. मग प्रत्येकापुढं एक नाव लिही, हे कुणाकडं मागायचं. खोडीपुढं तुझं नाव येईल, वजनापुढं माझं आणि तुझं. मॅटपुढं त्या ४० किलोमीटरवरच्या केंद्राच्या शिक्षकांचं. त्यांच्याकडं जा आणि सरळ विचार, आठवड्यातून तीन दिवस येऊ का, झाडलोट करतो, मॅट पुसतो, लहान पोरांना जोर-बैठका शिकवतो. येण्याजाण्याच्या पैशापुढं ग्रामपंचायत, गावचं मंडळ, दूध संस्था, मुंबईला असलेले गाववाले. आपल्या पोरांना हेच जमत नाही. तीन हजार बैठका मारतील, पण दारात उभं राहून ‘मला मदत हवी आहे’ म्हणायची लाज वाटते. मागताना आकडा सांगायचा, हिशेब लिहायचा आणि दर महिन्याला तो दाखवायचा. पारावरच्या लोकांकडंसुद्धा जा. जे तुला ‘ऑलिंपिक’ म्हणून हाक मारतात, त्यांच्याकडं आधी जा. एस.टी.च्या भाड्याचे पैसे दिलेला माणूस सहसा चेष्टा करत नाही, तो निकाल विचारायला लागतो.

वय निघून गेलेलं नाही. पण दोन वर्षांत मॅटवर राज्य पातळीच्या पोरांपुढं सहा मिनिटं टिकला नाहीस तर मला पुन्हा पत्र लिही. तेव्हा आपण दुसरं बोलू.

तोवर कागद टाचेखाली ठेव.

प्रश्न : खाशाबांचं पदक देशाचं पहिलं वैयक्तिक पदक म्हणतात. पण १९०० साली पॅरिसला भारताला दोन पदकं मिळाल्याची नोंद मी वाचली. मग पहिलं कुणाचं? आणि खाशाबांबरोबर त्या वेळी आणखी कुणी कोल्हापूरकडचं होतं का?

उत्तर : तुमचं वाचन बरोबर आहे. १९०० ला नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली, २०० मीटर आणि २०० मीटर अडथळा शर्यतीत. तो ब्रिटिश अमदानीतला काळ. म्हणून खाशाबांबद्दल ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक’ असं नेमकं म्हणावं. मीही आधी ढोबळ बोलून जायचो, एका शाळेतल्या बाईंनी भर कार्यक्रमात माझी चूक दुरुस्त केली, तेव्हापासून सावध असतो.

आणि हो, हेलसिंकीला कोल्हापूरकडचे केशव माणगावेही लढले. त्यांना पदक मिळालं नाही म्हणून त्यांचं नाव कुठल्या कमानीवर दिसत नाही. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. आमच्या तालमीत खाशाबांच्या फोटोच्या शेजारी एक जागा मोकळी आहे. माणगाव्यांचा चांगला फोटो कुणाकडं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवावा, प्रत काढून मूळ परत करीन.

प्रश्न : वस्ताद, मी कुस्तीतली नाही, शिवणकाम करते. सांगोला तालुक्यातली, वय २९. धाकटा भाऊ २३ वर्षांचा, चार वर्षांपासून कोल्हापुरात तालमीत आहे. त्याच्या खुराकाला आणि खोलीला महिन्याला १४-१५ हजार लागतात. त्यातले ९ हजार मी पाठवते, बाकीचे वडील कसेबसे. भावाचं एकच म्हणणं, महाराष्ट्र केसरी आणि त्यानंतर ऑलिंपिक. नातेवाईक म्हणतात, अशक्य गोष्टीवर ही पोरगी आपलं लग्न आणि पैसा दोन्ही घालवतेय. माझं दोनदा ठरत आलेलं लग्न मीच पुढं ढकललं. भाऊ चांगला आहे, व्यसन नाही. पण यश म्हणावं असं अजून काही नाही. थांबायचं असतं का? आणि कधी, हे कसं ओळखायचं?

उत्तर : ताई, नमस्कार. तुमच्या पत्राला उत्तर द्यायचा मला कितपत अधिकार आहे हे तुम्हीच ठरवा. त्यासाठी आधी माझी एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून आहेत.

माझ्याकडं एक पोरगा होता. अंगानं पहाड, मनानं सरळ. त्याचाही पैसा घरातूनच यायचा. दर हंगामाच्या शेवटी त्याचे वडील माझ्याकडं यायचे, चहा घ्यायचे, आणि जाताना दारात उभं राहून विचारायचे, ‘काय वस्ताद, होईल का?’ मी म्हणायचो, ‘पुढच्या वर्षी नक्की.’ चार वर्षं मी हेच म्हणालो. पहिली दोन वर्षं मला तसं खरंच वाटत होतं. तिसऱ्या वर्षी त्याच्या गुडघ्यानं मला खरं सांगितलं होतं, पट काढताना तो पाय मागं राहायचा. पण पोराची उमेद मोडेल म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझ्या तालमीचं नाव होईल या आशेनं, मी गप्प राहिलो. चौथ्या वर्षी त्यांनी ओढ्याकाठची अर्धा एकर विकली. त्याच्या बहिणीचं लग्न त्या जमिनीच्या पैशावर व्हायचं होतं. ते तीन वर्षं लांबलं. पोरगा आज ट्रॅक्टर चालवतो, भेटला की पाया पडतो. त्याची बहीण माझ्याशी बोलत नाही. बोलू नये हेच बरोबर आहे.

तुमचं पत्र वाचताना मला ती मुलगी दिसत होती. म्हणून जे तिच्या वडिलांना सांगायला हवं होतं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, ‘महाराष्ट्र केसरी आणि त्यानंतर ऑलिंपिक’ हे एका वाटेवरचे दोन टप्पे नाहीत. महाराष्ट्र केसरी हा जड गड्यांचा मान, त्यात माती विभाग वेगळा आणि मॅट विभाग वेगळा. ऑलिंपिक वजनाच्या गटात आणि फक्त मॅटवर. तुमच्या भावाचं वजन किती, तो मॅटवर किती खेळतो, गेल्या दोन वर्षांत राष्ट्रीय निवडीच्या चाचणीला किती वेळा उतरला, किती गुणांनी हरला किंवा जिंकला, हे त्याला विचारा. तोंडी नको, वहीत लिहून मागा. ज्याला हे लिहिता येतं त्याचं ध्येय कितीही अवघड असो, त्याच्यावर पैसा लावावा. ज्याला लिहिता येत नाही, जो ‘तुला काय कळतंय कुस्तीतलं’ म्हणतो, त्याचा मनीऑर्डरचा फॉर्म त्याच दिवशी थांबवावा. तुम्हाला कुस्तीतलं कळायची गरज नाही. महिन्याला ९ हजार देणारीला हिशेब मागायचा पूर्ण हक्क आहे.

दुसरी गोष्ट, मुदत ठरवा. माझ्या मते दोन हंगाम. त्या दोन हंगामांत काय घडलं पाहिजे हे भाऊ, तुम्ही आणि त्याचे वस्ताद तिघांनी बसून आजच ठरवा. त्या बैठकीला वस्ताद यायला तयार नसतील तर ती गोष्टही तुम्हाला बरंच काही सांगेल. आणि वस्तादांना ‘होईल का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर मी दिलं तसंच येतं. विचारा, ‘याचा कमजोर डाव कोणता, आणि तो गेल्या वर्षीपेक्षा किती सुधारला?’ जाणता माणूस यावर अर्धा तास बोलेल.

तिसरी, त्याला शिकायला आणि नोकरीच्या परीक्षेला बसायला लावा. त्याने कुस्ती मागं पडते हा गैरसमज आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी पात्र स्पर्धेतली कामगिरी आणि प्रमाणपत्र पडताळून घ्यावं लागतं. ते काम स्पर्धा संपल्यावर लगेच करावं, वर्षांनी कागद सापडत नाहीत. खाशाबासुद्धा १९५५ ला पोलिसात फौजदार झाले. ऑलिंपिकचं पदक घरात असलेला माणूस. नोकरी करून कुस्ती होत नाही असं तुमचा भाऊ म्हणाला तर त्याला स्वप्नील कुसाळे सांगा, तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

आणि चौथी गोष्ट मी पाटणच्या पोराला वर लिहिली, तीच तुमच्या भावाला. मागायचं तर दहा दारांत जाऊन मागावं. तो एकाच दारात उभा आहे आणि ते दार बहिणीचं आहे, म्हणून त्याला लाज वाटत नाही. खर्डेकरांनी घर गहाण टाकलं हे सगळे सांगतात. खाशाबांनी ते मैदान मारून सोडवलं, हे तुमच्या भावाला कुणी सांगितलंय का? नसेल तर हे पान कापून त्याला पाठवा. तुम्ही पाठवलंय असं कळू द्या.

त्याचं स्वप्न खोटं आहे असं मी म्हणत नाही. २३ हे वय चांगलं आहे, निर्व्यसनी पोरगा ही मोठी ठेव आहे, आणि लोक अशक्य म्हणतात एवढ्यावरून मी कुणाला कधी थांबवलं नाही. पण तुमचं लग्न त्याच्या निकालाला बांधू नका. ते आणखी एकदा ठरत आलं तर होऊ द्या. त्याची मदत त्यानंतरही करता येईल, जेवढी तुमच्या मनाला पटेल तेवढी.

शेवटी एक काम. आमच्या तालमीतल्या २२ पोरांना लंगोट आणि मॅटवर सरावाला साधे घट्ट टी-शर्ट शिवून हवे आहेत. मापं माझ्याकडं तयार आहेत. तुमचा दर कळवा. कमी लावू नका, मी घासाघीस करणार नाही. निम्मे पैसे आधी पाठवीन, आणि लंगोटाचं कापड जाड लागतं, पातळ घेतलं तर पहिल्याच महिन्यात शिवणीवर उसवतं. तेवढं दुकानात हातानं ताणून बघा.